दोन टोल्या आणि पिलाताचे नाणे



आजच्या शुभवर्तमानात (मार्क १२:३८-४४) प्रभू येशू मंदिराच्या भांडारासमोर बसला आहे. श्रीमंत पुष्कळ टाकतात, गरीब विधवा दोन टोल्या टाकते. आज आपण त्या काळच्या नाण्यांकडेच थोडे पाहू या.

श्रद्धाप्रकटनात आपण ज्याचे नाव घेतो तो पिलात तेव्हा यहुदियाचा सुभेदार होता. त्याच्या आधीच्या रोमन सुभेदारांनी यहुदी लोकांच्या भावना जपून नाण्यांवर खजुराचे झाड, कणीस, द्राक्षाची पाने अशीच चित्रे घातली. पिलाताने इ. स. २९ नंतर पाडलेल्या जेमतेम दोन ग्रॅमच्या ब्राँझ नाण्यांवर मात्र रोमन पूजेची साधने आली. एकावर देवांना द्राक्षारस वाहण्याची पळी, दुसऱ्यावर पक्ष्यांवरून शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकड्या मुठीची काठी. (दिसायला ती थेट महागुरुस्वामींच्या दंडासारखी!) हा मुद्दाम केलेला अपमान होता का, यावर विद्वानांचे एकमत नाही. आम्हांला वाटते, ती बेफिकिरी असावी. सत्ताधाऱ्यांना दुसऱ्याची श्रद्धा दुखावण्यासाठी द्वेषाची गरज लागतेच असे नाही.

पण भाकरी-तेल घ्यायचे तर ते नाणे हातात धरावेच लागे. मंदिराचा कर तरी शुद्ध होता का? तो सोराच्या चांदीच्या नाण्यांत भरत, आणि त्यांवर मेल्कार्त दैवताचे मुख होते!

पुढे दिवस पालटले. इ. स. ३१२ मध्ये कॉन्स्टंटाईन विजयी झाला. तरी त्याच्या ब्राँझ नाण्यांवर आणखी काही वर्षे ‘अजिंक्य सूर्यदेव’ झळकत राहिला. ३२७ च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलच्या एका नाण्यावर ख्रिस्तचिन्ह असलेला ध्वज सर्पाला भोसकताना दिसतो. मॅग्नेन्शियसने तर नाण्याची एक अख्खी बाजू ख्रिस्तचिन्हाने भरून टाकली, दोन्ही बाजूंना आल्फा आणि ओमेगा. हा मॅग्नेन्शियस ३५० मध्ये सम्राट कॉन्स्टन्सविरुद्ध बंड करून, त्याचा जीव घेऊन गादीवर आला होता. ३५३ मध्ये पराभव झाल्यावर त्याने आत्महत्या केली. नाणे मात्र राहिले, क्रिस्ताचे नाव मिरवत.

आपणही फाटकावर क्रूस लावतो, गाडीत जपमाळ टांगतो. चांगलेच आहे. पण विधवेच्या टोल्यांच्या जरा आधी प्रभू काय बोलला, ते आपण घाईने वाचून जातो. विधवांची घरे गिळंकृत करून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना तो फटकारत होता.

आपल्या धर्मग्रामातही नवरा गेल्यावर जिचा वाटा दिरांनी अडवून धरला, सातबाऱ्यावर जिचे नाव चढू दिले नाही, अशा भगिनी आहेत. कोण ते सर्वांना ठाऊक आहे, आम्ही नावे घेणार नाही. कागद तयार असतील तर सह्यांसाठी नाताळपर्यंत थांबू नका.