थोडीशी हातचलाखी

नशिबाला माणसानं हात लावावा की नाही, हा प्रश्न मला लंडनच्या पार्लमेंट हिलवर पडला. एरवी असले प्रश्न मला जेवणानंतर पडतात आणि डुलकीत सुटतात. मुलीकडे मुक्काम होता. ही हिल शंभर मीटरही उंच नाही. पर्वती चढलेल्या माणसानं तिला टेकडी म्हणायचं ते केवळ सौजन्य म्हणून.

ही बाकावर संत्रं सोलत होती. चार हातांवर गवतात शाल अंथरून दोन बायका बसल्या होत्या, चाळिशीच्या आसपासच्या. मधे टॅरोचे पत्ते. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर चपला ठेवलेल्या. भविष्यावर चप्पल ठेवलेली मी प्रथमच पाहिली! या पत्त्यांची चित्रं 1909 साली पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं काढली. चित्रं 78, बिदागी किरकोळ. 1951 मध्ये ती गेली तेव्हा मागे कर्ज होतं. जगाचं नशीब सांगणाऱ्या पत्त्यांनी तिचं तेवढं सांगितलं नाही.

आखूड केसांची बाई पत्ते पिसत होती. रमीत चाळीस वर्षं घालवल्यामुळे माझे डोळे पिसणाऱ्याच्या हाताकडे आपोआप जातात. तिनं खालचा पत्ता अलगद वर आणला आणि मैत्रिणीला 'काढ' अशी खूण केली. निघाला 'लव्हर्स'! त्यावर एक पुरुष, एक स्त्री, दोघंही विवस्त्र, वर देवदूत. आपल्यात पुरुष नाही याची दोघींना काही अडचण दिसली नाही. पहिलीनं तो पत्ता दुसरीच्या तळहातावर ठेवला, तिची बोटं एकेक करून मिटली आणि मनगटावर ओठ टेकले. दुसरीनं डोळे मिटले. तिच्या मानेवर उडणारे केस सारायला गेलेला हात तिथंच राहिला. मग त्यांनी एकमेकींचं चुंबन घेतलं, अगदी सावकाश. मी मात्र घाईघाईनं आकाशातला पतंग बघू लागलो.

"बघून झालं असेल तर संत्रं घ्या," ही म्हणाली.

"अगं, तिनं पत्ता लावला होता! फसवणूक आहे ही."

"तुम्हाला दिसलं ते तिला दिसलं नसेल? पत्ता उलटायच्या आधीच हसली ती." एक फोड माझ्या हातावर ठेवून ही पुढे म्हणाली, "आणि फसवणुकीचं म्हणाल, तर आपली एकनाड होती."

"आपले तर छत्तीसपैकी सत्तावीस गुण जमले होते!"

"जमवले. तुम्ही पाहून गेलात, मग पत्रिका मागवलीत. माझी जन्मवेळ अर्धा तास पुढं केली की नक्षत्र बदलत होतं. आईला मीच म्हटलं, कर."

सेहेचाळीस वर्षांनी! फोड घशातच राहिली. समोरच्याची 'नाही' म्हणायची वाट बंद करतं ते खोटं, अशी मी मनाशी व्याख्या केली. ती बाई पत्ता फेकून उठून जाऊ शकत होती. माझ्यापासून मात्र 'नाही' म्हणायचं एक कारण लपवलं गेलं. म्हणजे या हिशेबानं गुन्हेगार माझ्याच शेजारी संत्रं खात होती.

पण आमच्या खोट्यावर दोनशे माणसांनी अक्षता टाकल्या. त्या दोघींना इंग्लंडात 2014 पासून लग्न करता येतं. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये अशा प्रेमावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, पण 2023 मध्ये लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. अशा दोघी आपल्या तळजाईवर बसल्या असत्या तर? त्यांची वेळ अर्धा तास पुढं करायला कोणती आई, कोणते गुरुजी धावले असते? ज्यांच्या बाजूनं कोणी नाही, त्यांनी एखादा पत्ता वर आणला तर मी न्यायाधीश होऊन बसावं का?

उठताना मी हिला विचारलं, "आणि तरीही मी नाही म्हटलं असतं तर?"

"तर काय," ही साली गोळा करत म्हणाली, "आणखी अर्धा तास पुढं."