पहिल्या भेटीस काय न्यावे?

शंका : (धाड, जिल्हा बुलढाणा येथील एक भगिनी) आम्ही उभयतांनी दत्तकासाठी रीतसर अर्ज केला होता. आता एका संस्थेतील चार वर्षांच्या मुलीस भेटावयास यावे, असा निरोप आला आहे. सासूबाई म्हणतात, लेकराला रित्या हाताने भेटू नये, सोन्याच्या बाळ्या न्याव्यात. आमच्या यजमानांना बोलणारी बाहुली न्यावीशी वाटते. जाऊबाई म्हणतात, आधी मुलगी पसंत तर पडू द्या! धर्मास व रीतीस धरून काय ते सांगावे.

समाधान : जाऊबाईंचा सल्ला प्रथम बाजूस सारतो, कारण हे वधूपरीक्षण नव्हे, आणि बालकाचे वय व समज पाहून त्याची इच्छाही विचारात घ्यावी असे २०१५ च्या बालन्याय कायद्यातच नमूद असल्यामुळे, पसंतीनापसंतीचा प्रश्न काढावयाचाच झाला तर तो अधिकार त्या चिमुरडीकडेही जातो.

सासूबाईंच्या म्हणण्यास मात्र शास्त्राचा आधार आहे, फक्त त्यातील क्रम त्यांच्या ध्यानातून निसटला. बौधायनांच्या नावाने चालत आलेल्या पुत्रप्रतिग्रहविधीत वस्त्रे, कुंडले आणि अंगठी यांची सिद्धता करावयास सांगितली आहे खरी. परंतु आधी याचना, मग दान, मग स्वीकार, आणि स्वीकारानंतर अलंकरण, अशी तेथील अनुपूर्वी आहे. स्वीकारापूर्वी पुढे केलेले सोने अलंकार न राहता मोबदल्यासारखे दिसू लागते. आपल्याकडे दत्तकाचा संबंध शतकानुशतके वतनाशी, सरकारच्या मंजुरीशी आणि त्या मंजुरीसाठी भरावयाच्या नजराण्याशी जोडलेला राहिल्यामुळे, दत्तक म्हटले की काहीतरी मोजून द्यावे लागते ही समजूत वतने गेली तरी घरोघर उरली आहे. दत्तकाबद्दल मोबदला देणे-घेणे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १७ ने दंडनीय ठरविले, हे त्या समजुतीला मिळालेले उत्तरच होय. तेव्हा बाळ्या तूर्त पेटीतच असू द्याव्यात.

यजमानांची बाहुली निरुपद्रवी खरी, पण जेथे खेळणी सर्वांची सामाईक असतात अशा दालनात ती एकटीच्या हाती पडली, तर संध्याकाळपर्यंत एक तर तिच्यावरून रडारड होईल, नाही तर तेथील मावशी ती उचलून कपाटावर ठेवतील. म्हणून संस्थेच्या ताईंना आगाऊ विचारावे, आणि त्यांची संमती असेल तर सर्व मुलांना पुरतील इतकी केळी अथवा दोन-चार चेंडू न्यावेत. त्या एकीसाठी जे न्यावयाचे ते किमतीने लहान आणि उशाशी मावेल असे असावे. माझी सूचना अशी की, सासूबाईंनी आपल्या जुन्या, मऊ झालेल्या लुगड्याची एक छोटी गोधडी शिवावी आणि ती चार दिवस घरात वापरून, न धुता, मुलीपाशी ठेवून यावी. पुढे ती धाडच्या घरी येईल तेव्हा त्या अनोळखी घरातला निदान एक वास तिच्या ओळखीचा असेल, आणि सासूबाईंनाही सोन्याहून अधिक काही दिल्याचे समाधान लाभेल. दुसरी वस्तू छायाचित्रांची वही : घराचा दरवाजा, आजी, जाऊबाईंची मुले, गोठ्यातली गाय. ही वही मात्र मुलीच्या हाती न देता ताईंच्या स्वाधीन करावी, म्हणजे सारे निश्चित झाल्यावरच त्या ती उघडतील. जे घर कदाचित मिळणार नाही त्याची चित्रे लेकरास दाखविणे हा, हेतू कितीही निर्मळ असो, अन्यायच.

मुलीने गोधडी भिरकावली, किंवा तुमच्याकडे पाहिलेच नाही, तर त्यात अपशकुन शोधू नये. ‘एवढे आणले, आता ये ना जवळ’ हे वाक्य तर कटाक्षाने टाळावे. आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही : तिला घरी आणावयाच्या दिवशी तिचा जुना झगा, मोडके खेळणे, जे काही ती आपले म्हणत असेल ते संस्थेकडून मागून घ्यावे. नव्या कपड्यांच्या उत्साहात जुने तेथेच टाकून येणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, विवेकाबद्दल आहे.

शंका : (त्याच भगिनी) दत्तहोमावाचून मुलगी आमची ठरेल काय?

समाधान : निःसंशय ठरेल. दत्तहोम आवश्यक नाही असे १९५६ च्या कायद्याचे कलम ११ सांगते, आणि बालन्याय कायद्याखाली दत्तकाचा हुकूम झाला की ती सर्व बाबतींत तुमचीच कन्या. शास्त्रकारांत मुलीच्या दत्तकाविषयी एकवाक्यता नव्हती. नीलकंठभट्टांच्या व्यवहारमयूखाने ते नाकारले, तर नंदपंडितांनी दत्तकमीमांसेत शांता व कुंती यांचे दाखले देऊन ते ग्राह्य मानले. सासूबाईंची श्रद्धा असेल तर हुकुमानंतर घरी होम अवश्य करावा, आणि त्याच दिवशी पेटीतल्या बाळ्या काढाव्यात. फक्त मुलीचे कान टोचलेले आहेत की नाहीत, हे आधी ताईंना विचारून ठेवावे.