बुधवारच्या वर्गांतील ठेव

गेल्या महिन्यांत वैजापूर तालुक्यांतील एका उपदेशकबंधूंची व माझी गांठ पडली. बोलतां बोलतां त्यांनीं आपली अडचण सांगितली. त्यांच्या मंडळींत आठवड्याच्या मध्यें शास्त्रवर्ग भरतो. पंधरा-वीस माणसें येतात, एक अध्याय वाचला जातो, दोन गीतें होतात, प्रार्थना होते, आणि सर्व जण आपापल्या घरीं जातात. "परंतु तोंड कोणी उघडीत नाहीं," ते म्हणाले. "कोणाला कांहीं दुःख आहे काय, कोणासाठीं प्रार्थना करावी, असें विचारलें कीं सगळे खालीं पाहतात. ह्यांचा विश्वास थंड झाला आहे, असें समजावें काय?" मीं त्यांना त्या वेळीं नीट उत्तर दिलें नाहीं. आज ह्या पत्राच्या द्वारें देतों. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नाहीं, आणि त्याचें उत्तर मला फार महाग पडून मिळालेलें आहे.

रविवारीं पाळक बोलतो व मंडळी ऐकते. बुधवारीं तसें नसतें. त्या दिवशीं शास्त्र मध्यें असतें आणि माणसें त्याच्या भोंवतीं बसतात. ज्याला वाचतां येतें तो वाचतो, ज्याला येत नाहीं तोही विचारतो, आणि कित्येकदां न वाचणाऱ्याचाच प्रश्न सर्वांत खोल जातो. बिरुया येथील लोकांनीं पौलासारख्याचें बोलणेंही शास्त्राशीं ताडून पाहिलें, आणि प्रेषितांच्या कृत्यांत ह्याबद्दल त्यांची वाखाणणीच केलेली आहे. परंतु माणूस शास्त्राविषयीं बोलूं लागला कीं थोड्याच वेळानें तो स्वतःविषयीं बोलूं लागतो. ईयोबाची गोष्ट चालली असतां कोणा आईला आपलें गेलेलें लेंकरूं आठवतें. वर्गाचें खरें काम येथेंच सुरू होतें, आणि त्याचा धोकाही येथेंच असतो.

आमची मंडळी छत्रपती संभाजीनगर येथें आहे. २०२३ सालापर्यंत ह्या शहराचें नांव औरंगाबाद होतें, आणि आमचीं वडील माणसें अजून तेंच म्हणतात. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धांत येथें चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. रतनजी नवरोजी हे पारशी घराण्यांतून प्रभूकडे आलेले सेवक काम करीत असत. शहरांतील व खेड्यांतील ख्रिस्ती घराणीं प्रथमपासून थोडकीं, आणि पुष्कळशा सोयरिकी त्यांच्यांतच होत आल्या. त्यामुळें पैठणला कोणी शिंकलें तर जालन्याहून त्याच्या प्रकृतीची चौकशी होते. हें प्रेमाचें लक्षण आहे खरें. परंतु ज्याच्या घरांत झांकण्यासारखें कांहीं आहे त्याला ह्या प्रेमाची भीति वाटते.

कांहीं वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या एका बुधवारीं, आमच्या वर्गांत एक भगिनी बोलली. ती सहसा बोलत नसे. तिच्या पतीचें वाळूजकडील कारखान्यांतलें काम सुटलें होतें, आणि मुलीच्या लग्नाकरितां केलेलें सोनें त्यानें कोणास न सांगतां गहाण ठेविलें होतें. त्याच्या सख्ख्या भावालाही हें ठाऊक नव्हतें. वर्गांत आम्हीं नऊ जण होतों. आम्हीं गुडघे टेकले, तिच्यासाठीं प्रार्थना केली, आणि जातांना तिचें तोंड हलकें झालेलें मीं पाहिलें. पुढच्या रविवारीं उपासनेंत मध्यस्थीची प्रार्थना करितांना माझें अंतःकरण भरून आलें, आणि ज्या घराचें सोनें सावकाराच्या पेटींत पडलें आहे त्या घराची आठवण कर, असें मीं प्रभूला मोठ्यानें म्हटलें. नांव मीं घेतलें नाहीं. नांव घेतलें नाहीं ह्याचें मला त्या वेळीं समाधानही वाटलें!

साठ घरांच्या मंडळींत नांव घ्यावें लागत नाहीं. काम कोणाचें सुटलें आहे आणि लग्नाची मुलगी कोणाची आहे, हें सर्वांस माहीत होतें. उपासना संपण्यापूर्वींच माना वळल्या. ज्या घरीं मुलीचें बोलणें चाललें होतें त्या घरून पुढें निरोप येईनासा झाला. तो बंधु त्या रविवारीं जो उठून गेला तो पुन्हां मंदिराची पायरी चढला नाहीं. मी मात्र कित्येक दिवस म्हणत होतों कीं मीं तर प्रार्थनाच केली. शेवटीं आमच्या मंडळींतील एक वृद्ध बाई, जिला सही करतां येत नाहीं, मला म्हणाली, "पाळकसाहेब, ती प्रार्थना देवाला ऐकवायची होती कीं आम्हांला?"

ह्या प्रश्नावर मी अजून विचार करितों. मीं खोटें बोललों नव्हतों. निंदा केली नव्हती. मग खरें सांगणें हें पाप कसें होतें? सेमिनरींत आम्हीं असत्याविषयीं पुष्कळ शिकलों; परंतु खरें बोलूनही माणूस चोर होऊं शकतो हें मला कोणी शिकविलें नव्हतें, किंवा शिकविलें असेल तर मीं ऐकलें नव्हतें. तरी उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायांत तें आहेच. नोहा द्राक्षारस पिऊन डेऱ्यांत उघडा पडला होता. हामानें तें पाहिलें व बाहेर जाऊन भावांना सांगितलें. त्यानें सांगितलेलें अक्षर नि अक्षर खरें होतें. शेम व याफेथ ह्यांनीं वस्त्र घेतलें, पाठमोरे चालत गेले, आणि बापाला झांकलें. तेही नोहा दारू प्यालाच नाहीं असें कोठें म्हणाले नाहींत. तिघांनाही गोष्ट सारखीच ठाऊक होती. भेद एवढाच कीं एक ती घेऊन बाहेर आला, आणि दोघे वस्त्र घेऊन आंत गेले.

खेड्यांतील माझ्या बंधुभगिनींस हें समजाविण्यास मला ठेवीसारखा दुसरा शब्द सांपडत नाहीं. दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या भागांतील किती तरी कुटुंबें ऊसतोडीला जातात. जातांना घरांतील पितळेचीं भांडीं, एखादी पेटी, शेजारणीकडे ठेवून जातात. त्या शेजारणीनें तीं भांडीं मधल्या काळांत कोणाच्या लग्नाला दिलीं, तर तें काम चांगलें नाहीं काय? लग्न तर मंगल कार्य! तरी परत आलेल्या बाईला विचारा, ती काय म्हणेल. भांडीं दिलीं तीं कोणत्या कामाला, हा तिचा प्रश्नच नसतो. माझीं होतीं, तुझ्याकडे ठेवलीं होतीं, एवढेंच ती म्हणेल. वर्गांत सांगितलेलें दुःख असेंच सांगणाऱ्याचें असतें. तें आपल्याकडे ठेवलेलें असतें, दिलेलें नसतें. प्रार्थनेसारख्या पवित्र कार्यालाही तें मालकाला विचारल्यावांचून वापरण्याचा आपल्याला अधिकार नाहीं.

ही गोष्ट जुन्या लोकांच्या ध्यानांत आली होती. इंग्लंडांत ब्रिस्टल शहरीं १७४२ सालीं जॉन वेस्ली ह्यांच्या लोकांत जे वर्ग सुरू झाले, त्यांचा आरंभ अगदीं साधा होता. सभागृहाचें कर्ज फेडावयाचें होतें. बारा-बारा जणांची एक तुकडी करून प्रत्येकाकडून आठवड्यास एक पेनी गोळा करावी, आणि गरिबाची पेनी तुकडीच्या पुढाऱ्यानें भरावी, असें एकानें सुचविलें. पुढारी घरोघर जाऊं लागले, तेव्हां पेनीबरोबर घरांतील भांडणें व व्यसनेंही त्यांच्या दृष्टीस पडलीं. आणि पैशाकरितां काढलेली युक्ति जीवांच्या राखणीची रीत होऊन बसली. ह्याच वेस्लींनीं अधिक मोकळेपणानें बोलूं शकणाऱ्यांची एक लहान निवडक सभाही केली होती. तिचे नियम त्यांनीं १७४९ सालीं छापलेल्या वृत्तांतांत दिले आहेत. ते तीनच आहेत, आणि पहिला हा कीं सभेंत बोललेलें पुन्हां कोठें बोलूं नये. उपासाचा किंवा दानाचा नियम त्यांनीं पहिला घातला नाहीं.

कोणी म्हणेल, एकमेकांचीं ओझीं वाहावीं असें पौलानें गलतीकरांस लिहिलें. ओझें कळलेंच नाहीं तर वाहणार कसें? खरें आहे. परंतु झांकणें म्हणजे अडविणें नव्हे. आमच्या शहराला मलिक अंबरानें १७ व्या शतकाच्या आरंभीं नहर बांधून पाणी आणिलें. तें जमिनीखालून, झांकलेलें आलें, आणि म्हणूनच वाटेंत न सांडतां पोहोंचलें. दुःखालाही अशी वाट असते. "ताई, हें मंडळींत सांगूं कीं येथेंच राहूं देऊं?" एवढें विचारण्यास किती वेळ लागतो? तिनें अमक्याला सांगा म्हटलें तर त्याला सांगावें. नको म्हटलें तर आपल्या खोलीचें दार लावून प्रभूला सांगावें. त्याला तपशील ठाऊक आहे. अलीकडे प्रार्थनेकरितां म्हणून मोबाइलवर जे गट केलेले असतात, त्यांविषयीं मी कठोरच बोलतों. ज्या घरांत आजारी माणसाला अजून त्याच्या आजाराचें नांव सांगितलेलें नाहीं, तें नांव दोनशे जणांच्या हातांत जातांना मीं पाहिलें आहे. खालीं सर्वांनीं आमेन लिहिलें होतें.

मात्र एक गोष्ट उपदेशकबंधूंनीं नीट लक्षांत ठेवावी. चोरीचा माल कोणी आपल्या घरीं ठेविला तर ती ठेव होत नाहीं. कोणा लेंकरावर अत्याचार होत आहे, कोणा बाईच्या जिवाला धोका आहे, असें वर्गांत कळलें, आणि आपण "वर्गांतलें बाहेर काढूं नये" म्हणून गप्प बसलों, तर आपण विश्वासू नव्हे, भागीदार ठरतों. बालकांवरील लैंगिक अपराधांविषयीं २०१२ सालीं झालेल्या कायद्याप्रमाणें अशी गोष्ट ज्याला कळेल त्यानें ती पोलिसांस कळविलीच पाहिजे. पाळक त्यांतून सुटत नाहीं, आणि सुटूं नये. मंडळीच्या अब्रूकरितां असें पाप झांकणाऱ्यांनीं शेमाचें व याफेथाचें नांव घेऊं नये. त्या दोघांनीं निजलेल्या, कोणाला इजा न करणाऱ्या माणसावर वस्त्र घातलें होतें. पण अशा वेळींही सांगावयाचें तें ज्याच्या हातांत उपाय आहे त्याला. पारावर नव्हे, आणि व्यासपीठावरून तर नव्हेच.

तर माझ्या वैजापूरच्या बंधूंस माझें उत्तर असें आहे: तुमचीं माणसें खालीं पाहतात, ह्यावरून त्यांचा विश्वास थंड झाला असें लगेच म्हणूं नका. पूर्वीं कोणी बोललें होतें काय, आणि बोलल्यावर त्याचें काय झालें, ह्याचा अगोदर शोध करा. कदाचित् तीं माणसें फार चांगलें शिकलेलीं असतील, आणि शिकविणारे आपणच असूं.

मी त्या बंधूच्या घरीं चार वेळां गेलों. चूक माझी होती असें सांगितलें. नांव घेतलें नव्हतें, हें त्या वेळीं बोललों नाहीं. त्यानें चहा दिला, पावसापाण्याचें बोलला. तो अजून आलेला नाहीं. ती भगिनी आठ महिन्यांनीं वर्गास पुन्हां येऊं लागली. दाराजवळ बसते, पाळी आली कीं स्पष्ट वाचते. मागच्या बुधवारीं याकोबाच्या पत्राचा ५ वा अध्याय होता, आणि एकमेकांजवळ पापें कबूल करून एकमेकांसाठीं प्रार्थना करण्याविषयींचें वचन नेमकें तिच्या वांट्यास आलें. तिनें तें वाचलें, आणि पुस्तक पुढच्या बाईकडे सरकविलें.