भाकड जीव आणि वाकळ

गळ्यात तुळशीची माळ घालून दुधाचा धंदा करणाऱ्या आम्हां गृहस्थांना एक प्रश्न चुकत नाही. गाईला आपण माता म्हणतो. परंतु ती भाकड झाली, किंवा तिला गोऱ्हा झाला, की हे प्रेम कोठे जाते?

आमच्या दावणीला पाच संकरित गाई आहेत. पहाटे चारला उठावे, शेण काढावे, वैरण-पेंड घालावी, धार काढावी आणि डेअरीचे माप गाठावे, असा नेम. गेल्या मार्गशीर्षात एक गाय व्याली. झाला गोऱ्हा. पूर्वी गोऱ्हा म्हणजे उद्याचा बैल. आता नांगरट ट्रॅक्टरने होते, आणि संकरित गोऱ्ह्याला जू टेकायला धड वशिंडही नसते. तो जितके पिईल तितके माप कमी. शेजारी म्हणाले, "दोन-चार दिवस हात आखडता घ्या, आपोआप सुटेल."

'सुटेल'! गोवधाला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे; २०१५ पासून ती बैल-वळूंनाही लागू झाली. पण उपासाने आलेल्या मरणाची नोंद कोण ठेवतो? सुरी नाही, रक्त नाही, माळेला डागही नाही. खरे सांगतो, त्या संध्याकाळी मीही हात आखडता घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मातोश्री ओसरीवर वाकळ शिवत बसल्या होत्या. हा त्यांचा छंद. घरात सोलापुरी चादरी आहेत, नातवंडांना रजया आहेत. वाकळ कोणी मागत नाही. तरी गोठ्यातून मोकळ्या झाल्या की त्या जुनी लुगडी अंथरतात आणि कडेने धावदोरा घालीत आत आत येतात. मी त्यांना ज्ञान सांगू लागलो, "आई, चिंधी तुला टाकवत नाही, कारण ती ऊब देते. जनावराचं तसं नाही." त्यांनी एक विटका तुकडा पुढे केला. "ह्यो तुझ्या बाच्या धोतराचा. बोट लावलं की फाटतोय. ह्यात कसली आलीय ऊब?" आणि टाका घातला.

मी निरुत्तर झालो. देव जनाबाईंची वाकळ पांघरून राउळात गेला आणि आपले पदक तिकडेच विसरला, ही कथा आपण कीर्तनात डोलत ऐकतो. जुन्नर तालुक्यात आळे येथे, माउलींनी ज्याच्या मुखी वेद बोलविले त्या रेड्याच्या समाधीवर माथा टेकतो. रेड्याच्या, बरे का! आणि घरी येऊन नर वासराचा हिशेब मांडतो.

हिशेब खोटा नसतो, हेही सांगितले पाहिजे. ज्याच्या दारी कर्जावर घेतलेली एकच गाय आहे, त्याला भूतदयेचा उपदेश करणे सोपे, वैरण देणे कठीण. गावोगावच्या सप्ताहांत पंगतींवर पंगती उठतात. त्यांतील एका पंगतीचा खर्च गावच्या भाकड जनावरांच्या कडब्याला द्यावा, असे मला वाटते. आमच्या गावी हे बोललो तेव्हा दोघे हसले, एकाने मान डोलावली. असो.

गोऱ्हा आहे. रोज एक सड त्याचा, तीन आमचे. थंडीत मातोश्रींनी ती वाकळ त्याच्या पाठीवर बांधली. पहिल्याच रात्री त्याने तिचा कोपरा चघळून टाकला. आता त्या दुसरी शिवीत आहेत.