दक्षिणा, दर आणि दान



देवदर्शनास आलेल्या यात्रेकरूची पहिली दृष्टी कळसाकडे जाते आणि दुसरी बहुधा दरफलकाकडे. अभिषेक, लघुरुद्र, महापूजा, अन्नदान अशा प्रत्येक सेवेपुढे एक आकडा लिहिलेला असतो. तो वाचताना पुष्कळांच्या मनात एक शल्य उठते : 'देवाच्या दारीही पैसाच का?' काही जण हे बोलून दाखवितात, काही संकोचाने पावती घेऊन पुढे जातात. हा प्रश्न अश्रद्धेतून आलेला नसतो. देवावर ज्याची माया आहे त्यालाच तो बोचतो. म्हणून त्याचा विचार भाविकांनी आणि देवस्थानांनी मिळून करणे अगत्याचे आहे.

परंपरा काय सांगते?

आपल्या शास्त्रांत या विषयी वरवर पाहता परस्परविरोधी वाटणारी दोन मते आढळतात. श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दक्षिणेवाचून केलेल्या यज्ञाची गणना तामस यज्ञात केली आहे. भागवतात तर यज्ञ आणि दक्षिणा ही पति-पत्नीच मानली आहेत. याउलट मनुस्मृतीने वेतन ठरवून वेद शिकविणे हे उपपातकांत गणले आहे. मग ऋत्विजाला देणे पुण्याचे आणि अध्यापकाने घेणे पापाचे, असे कसे?

याचे उत्तर त्याच मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मिळते. विद्या पूर्ण होण्यापूर्वी शिष्याने गुरूला काही देऊ नये. समावर्तनाच्या वेळी मात्र आपल्या शक्तीनुसार गुरुदक्षिणा अर्पण करावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे आक्षेप देण्याघेण्यावर नाही, आधी अट घालण्यावर आहे. 'इतके दे, मग शिकवितो' असे म्हणताच विद्या ही विक्रीची वस्तू होते. 'मला मिळाले, म्हणून देतो' असे शिष्याने म्हटले की ती कृतज्ञता होते. रक्कम एकच असू शकेल. परंतु दोन्ही व्यवहारांचे मूळ भिन्न आहे.

बृहदारण्यकोपनिषदातील जनक-याज्ञवल्क्य संवाद या दृष्टीने मननीय आहे. एकेक उपदेश ऐकून जनकराजा सहस्र गाई देऊ करतो आणि प्रत्येक वेळी याज्ञवल्क्य सांगतात की, शिष्याला पुरते शिकविल्यावाचून त्याच्याकडून काही घेऊ नये असे माझ्या वडिलांचे मत होते. याज्ञवल्क्यांना संपत्तीचे वावडे होते असे नव्हे. त्याच उपनिषदात शास्त्रार्थापूर्वीच त्यांनी जनकाच्या गाई आपल्या शिष्याकरवी हाकून नेल्याची कथा आहे. परंतु शिकविण्याचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी स्वतःवर बंधन घालून घेतले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात सांगितलेली कौत्साची कथा याचीच दुसरी बाजू दाखविते. वरतंतु ऋषींनी कौत्साची सेवा हीच दक्षिणा मानली होती. शिष्याने पुनःपुन्हा आग्रह धरला, तेव्हा रागावून त्यांनी चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला, तर राजा विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन बसलेला. पुढे कुबेराने सुवर्णवृष्टी केली. राजा म्हणे, सर्व ने. कौत्स म्हणे, गुरूच्या देण्याहून अधिक एक कणही नको. घेणाऱ्याने गरजेपुरते घ्यावे आणि देणाऱ्याने हात आखडू नये, अशी ती चढाओढ होती. आज आपल्या तीर्थक्षेत्री जो वाद ऐकू येतो तो बहुधा याच्या नेमका उलट असतो, हे खेदाने म्हणावे लागते.

संतांची कसोटी

महाराष्ट्रातील वारकरी संतांनी हे बंधन आणखी कडक केले. कीर्तनकाराने कीर्तनाच्या ठिकाणी भोजनाचीही अपेक्षा ठेवू नये, अशी संत तुकाराम महाराजांची शिकवण आहे. अलीकडच्या काळात संत गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) याला वेगळी जोड दिली. त्यांनी लोकांकडून द्रव्य जमविले, पण स्वतःसाठी नव्हे. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यातून गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या राहिल्या. स्वतः ते अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे घेऊनच फिरले. पैसा हातून गेला, हाताला चिकटला नाही.

तथापि सर्वांनाच हे व्रत पेलेल असे नाही. ज्या गुरुजींनी बालपणीची दहा-बारा वर्षे संहितापाठात घालविली, त्यांच्याही घरी चूल पेटते, मुले शाळेत जातात. कीर्तनकाराबरोबर मृदंगवादक आणि टाळकरी प्रवास करून येतात. त्यांना बिदागी देताना घासाघीस करणारा यजमान मांडवावर आणि जेवणावळीवर मात्र सढळ हाताने खर्च करतो, हेही आपण पाहतो. विद्वानाने उपाशी राहावे, ही मागणी धर्माची नाही.

दरफलक : दोष की उपकार?

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे मांडली पाहिजे. दर ठरलेला नसे तेव्हा सर्व काही स्वेच्छेने चाले, हा गोड समज आहे. 'यथाशक्ति द्या' हे शब्द घेणाऱ्याच्या तोंडी आले आणि हात पुढेच राहिला की त्याची सक्ती होते. परगावच्या, अक्षरओळख नसलेल्या यात्रेकरूला ही सक्ती अधिक जाचक ठरे. पंढरपूरच्या श्रीविठ्ठल-रुक्मिणी मंदिरात सेवेकऱ्यांचे पिढीजात हक्क होते. भाविकांच्या तक्रारींनंतर चौकशी होऊन १९७३ साली शासनाने पंढरपूर मंदिरे अधिनियम केला व ते हक्क रद्द ठरविले. त्यावरील दीर्घ न्यायालयीन वाद सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निर्णयाने संपला. ठरलेला दर आणि छापील पावती यांमागे असा अनुभव आहे. गरीब भाविकाला ओढाताणीपासून वाचविणारे ते साधन आहे.

परंतु हा उपकार तेवढ्यापुरताच आहे. अभिषेकाची पावती ही दूध, फुले, नैवेद्य आणि पूजा सांगणाऱ्याचे श्रम यांची पावती आहे. ती कृपेची पावती नव्हे. मोठी रक्कम भरणाऱ्याचा संकल्प देवापर्यंत लवकर पोहोचतो, असे कोणी सुचवील तर त्या क्षणी दराचा अधर्म होतो. भय दाखवून घेतलेला पैसा तर त्याहून निंद्य. 'हा विधी न केल्यास घरावर संकट येईल' असे सांगून दुःखी माणसाकडून द्रव्य काढणे म्हणजे त्याच्या असहायतेचा लिलाव करणे होय. तथाकथित चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणे हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाच आहे.

सर्वांत अवघड प्रश्न दर्शनाचा आहे. आज अनेक मोठ्या क्षेत्री शुल्क भरून शीघ्र दर्शनाची सोय आहे. गर्दीचे नियोजन आणि संस्थेचा खर्च ही कारणे दिली जातात व ती अगदीच निराधार नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मंदिरात कोणाला विशेष वागणूक नसावी असे मत न्यायालयाने व्यक्त केले. मात्र त्याबाबत आदेश देणे नाकारले. म्हणजे निर्णय देवस्थानांच्या आणि आपल्या विवेकावर सोडला गेला आहे. रोजंदारी बुडवून आलेली एखादी माउली कडेवर मूल घेऊन पाच तास रांगेत उभी आहे आणि शेजारच्या मार्गिकेतून पावतीधारक पुढे जात आहेत, हे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. तिच्यापासून आपण दूध किंवा फुले घेत नाही; तिचा वेळ घेतो. तो विकण्याचा अधिकार कोणाला आहे? १९४७ साली पंढरीचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणाला लावले. जातीमुळे बंद असलेले दार उघडले. ते पैशामुळे पुन्हा अर्धवट लोटले जाऊ नये, ही जबाबदारी आपली आहे.

तीन साध्या मर्यादा

या सर्व विवेचनातून तीन मर्यादा निघतात. साहित्य आणि श्रम यांचा दर असावा. तो उघडपणे लिहिलेला असावा आणि त्याची पावती मिळावी. दक्षिणा देणाऱ्याच्या इच्छेवर असावी. तिची मागणीही नसावी आणि तुलनाही नसावी. दर्शन, तीर्थ, नामस्मरण व उपदेश यांना मोल नसावे. ज्याच्यापाशी काहीच नाही त्यालाही ते तितक्याच आदराने मिळावे.

दात्यांनाही एक नम्र निवेदन आहे. परतफेडीच्या हेतूने वा मनाविरुद्ध दिलेले दान गीतेने राजस म्हटले आहे. देणगी दिल्यावर खास दर्शनाची किंवा ठळक नामफलकाची अपेक्षा आपण ठेवली, तर विक्रीचा दोष केवळ घेणाऱ्याकडे राहत नाही. खरेदीदार आपणच झालेले असतो. देणगीदाराने देवस्थानाला हिशेब अवश्य विचारावा, तो त्याचा हक्कच आहे. पुण्याचा हिशेब मात्र मागू नये.

आपण दिलेल्या प्रत्येक रुपयाने रांगेतील त्या माउलीच्या डोक्यावर सावली यावी, तिच्या मुलाला पाणी मिळावे आणि तिचे दर्शन सुखाने व्हावे. दानाचे याहून मोठे फळ शास्त्रांतही शोधावे लागेल. घेणाऱ्याला संयम आणि देणाऱ्याला निरपेक्षता लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.