वाऱ्याचें ऋण

मनुष्यास आपल्या यशाविषयीं जो अभिमान वाटतो त्याचें सर्वांत आवडतें रूप म्हणजे ‘हें मीं माझ्या पायांवर उभें राहून मिळविलें’ हें वाक्य होय. सुशिक्षित मध्यमवर्गांत तर हें वाक्य कुळाच्या नांवासारखें चालत आलेलें असतें. आजोबांनीं तें म्हटलेलें असतें, वडील म्हणत असतात, आणि मुलानेंहि पुढें तें म्हणावें अशी घरांतील सर्वांची इच्छा असते. या वाक्यांत खरें किती आणि भ्रम किती हें तपासावयाचें असेल, तर जेथें माणूस अक्षरशः पायांच्याच बळावर पुढें जातो असें एखादें क्षेत्र घ्यावें. सायकलची शर्यत हें तसें क्षेत्र आहे. मुंबई-पुणें शर्यतींत बोरघाट सर्वांआधीं चढून जाणाऱ्यास आपण ‘घाटाचा राजा’ म्हणतों, त्यांतहि हाच भाव असतो. घाटांत वशिला चालत नाहीं, आणि घराण्याची प्रतिष्ठा चढावर मदतीस येत नाहीं. पाय आणि फुप्फुसें एवढेंच काय तें भांडवल! परंतु या विद्येंत नव्यानें उतरलेला तरुण हंगामाच्या आरंभींच जो धडा शिकतो, तो या समजुतीस मोठा धक्का देणारा आहे. त्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

युरोपांत सडकेवरच्या शर्यतींस खरा रंग चढतो तो फेब्रुवारीच्या अखेरीस, बेल्जममधील फ्लँडर्स प्रांतांत. त्यापूर्वीचे तीन-चार महिने तरुण स्वार थंडीपावसांत रोज चार-पांच तास सायकल चालवीत असतो. तीहि मुद्दाम संथ, शेजाऱ्याशीं बोलतां बोलतां दम लागूं नये इतक्या बेतानें. या कंटाळवाण्या मेहनतीनें हृदय एका ठोक्यास अधिक रक्त पुढें ढकलूं लागतें, स्नायूंतील केशवाहिन्यांचें जाळें दाट होतें, आणि शरीर आपली साखर राखून चरबीवर चालावयास शिकतें. हिंवाळा सरतां सरतां त्यास वाटूं लागतें कीं आपली शिदोरी आतां भरली. मग गेंटच्या परिसरांत, जेथें १९४५ सालापासून ‘ओम्लूप’ ही हंगामाचें दार उघडणारी शर्यत होत आली आहे, त्याच मुलखांतील तरुणांच्या शर्यतींत तो उतरतो. आणि पहिल्या तासाभरांतच, ज्यांचे पाय त्याच्याहून कांहीं सरस नाहींत, असे वीस-पंचवीस जण त्याला मागें टाकून दिसेनासे होतात.

असें कां व्हावें? सपाट रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणाऱ्या स्वाराची ८० टक्क्यांहून अधिक शक्ति केवळ हवा बाजूस सारण्यांत खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो आणि त्यासाठीं लागणारी शक्ति घनाच्या प्रमाणांत. म्हणजे हवेशीं झगडून वेग दुप्पट करावयाचा तर आठपट शक्ति हवी. पुढच्याच्या चाकाशीं आपलें चाक वीतभर अंतरावर ठेवून जो चालतो, त्याची साधारणतः चौथाई ते एक-तृतीयांश शक्ति वांचते. दाट घोळक्याच्या पोटांत तर हवेचा विरोध एकट्या स्वाराच्या मानानें दहाव्या हिश्शापर्यंत उतरूं शकतो, असें आइंडहोव्हन येथील संशोधकांनीं २०१८ सालीं दाखवून दिलें. पायांच्या शर्यतींत पायांइतकेंच महत्त्व आडोशास आहे, तें असें.

त्यांतून फ्लँडर्सचा मुलूख उघडा. वारा बाजूनें वाहूं लागला कीं आडोसा थेट मागें मिळत नाहीं, तिरपा मागें मिळतो. म्हणून जाणते स्वार रस्त्यावर तिरकी रांग धरतात आणि आळीपाळीनें पुढें येऊन वारा अंगावर घेतात. परंतु रस्त्याची रुंदी ठरलेली असते. रांगेंत जितके मावतील तितक्यांसच आडोसा. त्यांच्या पुढचा एक जण रस्त्याच्या कडेला उघडा पडतो, आणि त्याच्या मागें येणाऱ्यांचीहि तीच गत होते. थोड्याच वेळांत दुवा तुटतो. नवशिका बहुधा या कडेच्या माणसांत असतो. त्याला पाय कमी पडलेले नसतात. जागा मिळालेली नसते. संध्याकाळीं निकालाचा कागद मात्र दोहोंमधला फरक सांगत नाहीं.

येथें नीतीचा पहिला प्रश्न उभा राहतो. दीडशें किलोमीटर दुसऱ्यांच्या आडोशानें येऊन जो शेवटच्या दोनशें मीटरांत झेप घेतो व जिंकतो, तो खरोखर जिंकला काय? नियमांच्या दृष्टीनें यांत कांहींच वावगें नाहीं. परंतु स्वारांची आपसांतली नीति नियमांहून कडक असते. आपली पाळी न घेतां दुसऱ्यामागें दडून राहणाऱ्यास फ्रेंच आणि इंग्रज दोघेहि ‘चाक चोखणारा’ अशी शेलकी पदवी देतात. आडोसा घेणें हा त्यांच्या मतें दोष नव्हे. परत न देणें हा दोष होय. दोघे जण घोळक्यांतून निसटले, आणि प्रत्येक जण दुसऱ्यानें वारा घ्यावा म्हणून वाट पाहूं लागला, तर मागचा घोळका दोघांसहि गिळून टाकतो. तेव्हां ही देवघेव औदार्यानें नव्हे, हिशेबानेंच चालते, असें म्हणावें लागेल. हिशेब सुटतो अशा ठिकाणीं नीतीची खरी परीक्षा होत नसते. देणाऱ्याला परत कांहींच मिळावयाचें नाहीं, अशा प्रसंगीं ती होते.

सायकलच्या शर्यतींनीं असे प्रसंग नित्याचे करून ठेवले आहेत. १९११ सालीं फ्रान्सच्या फेरीचा संस्थापक आंरी देग्रांज यानें मॉरिस ब्रोको नांवाच्या स्वारास, तो दुसऱ्यांसाठीं राबतो म्हणून, ‘दोमेस्तिक’ म्हणजे घरगडी असें हिणवून म्हटलें. पुढें तीच शिवी धंद्याचें नांव होऊन बसली. इटालियन लोक अशा स्वारास ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. कळपांतला, सामान्य शिपाई, असा त्याचा मूळ अर्थ. नायकासाठीं वारा अडविणें, पाणी आणणें, वेळ पडल्यास स्वतःचें चाक काढून देणें हें त्याचें काम.

१९३४ सालच्या फ्रान्सच्या फेरींत वीस वर्षांचा रने व्हिएतो डोंगरांत सर्वांचें लक्ष वेधून घेत होता. पिरनीज पर्वतांतील उतारावर त्याच्या चमूचा नायक आंतोनँ मान्ये याचें चाक मोडलें. व्हिएतोनें आपलें चाक काढून त्याला दिलें आणि स्वतः दगडी कठड्यावर बसून, रडत, मदतीच्या गाडीची वाट पाहिली. त्या अश्रूंचें छायाचित्र आजहि प्रसिद्ध आहे. दुसऱ्याच दिवशीं मान्येची सायकल पुन्हा नादुरुस्त झाली, तेव्हां पुढें गेलेला व्हिएतो उलट फिरला, चढ चढून मागें आला आणि त्यानें आपली सायकल त्यास दिली. मान्ये जिंकला, व्हिएतो पांचवा आला. पुढील वर्षीं हंगामाच्या आरंभींची पॅरिस-नीस शर्यत त्यानें जिंकली, परंतु फ्रान्सची फेरी त्यास अखेरपर्यंत जिंकतां आली नाहीं.

या कथेवर लोक दोन प्रकारें बोलतात. कित्येक म्हणतात, त्या चाकापायीं त्याची फेरी गेली. हिशेब मात्र तसें सांगत नाहीं; शेवटीं तो मान्येच्या मागें सुमारें एक तास होता, आणि एवढा वेळ कांहीं एका कठड्यावर बसून गेला नव्हता. दुसरे म्हणतात, तो नोकरच होता, त्यानें कर्तव्य केलें, त्यांत विशेष तें काय? मला दोन्ही मतें सारखींच उथळ वाटतात. पहिलें मत त्यागाची किंमत त्यामुळें काय बुडालें यावरून ठरवितें. म्हणजे ज्याचें फारसें बुडालें नाहीं त्याचा त्याग खोटा. दुसरें मत मोबदला दिला कीं ऋण फिटलें असें मानतें. जिंकणाऱ्यानें बक्षिसाची रक्कम सोबत्यांत वांटावी, अशी या धंद्यांत जुनी रीत आहे, आणि ती चांगली आहे. परंतु वांटतां येतो तो पैसा. वीस वर्षांच्या मुलाच्या मनांत त्या दिवशीं जी आशा होती तिची वांटणी करतां येत नाहीं. आज्ञा करणाऱ्यास आज्ञेचा हक्क असेल. तेवढ्यानें पाळणाऱ्याच्या अश्रूंतून तो मोकळा होत नाहीं. आणि तें छायाचित्र पाहून ‘केवढा हा त्याग!’ म्हणून डोळे पुसणारे आपण प्रेक्षक तर सर्वांत स्वस्तांत सुटतों.

यावर कोणी फाउस्तो कोप्पीचें उदाहरण पुढें करील. १९ मार्च १९४६ रोजीं, महायुद्धानंतरच्या पहिल्या वसंतांत, मिलान ते सान रेमो या सुमारें २९० किलोमीटरांच्या शर्यतींत तो निम्म्याहून अधिक रस्ता एकटा वारा अंगावर घेत गेला आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारापूर्वीं तब्बल चौदा मिनिटें पोंचला. स्वतःच्या पायांवर म्हणतात तें हेंच नव्हे काय? होय, हेंच, आणि असा पुरुष कधींमधीं निपजतो, हें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. परंतु त्याच कोप्पीच्या पुढील विजयांमागें आंद्रेआ कार्रेआसारखे ग्रेगारिओ होते. १९५२ च्या फ्रान्सच्या फेरींत लोझान येथें, नायकाच्या वतीनें पुढच्या तुकडीवर नजर ठेवावयास गेलेला कार्रेआ ध्यानींमनीं नसतां फेरीचा अग्रणी ठरला. पिवळा अंगरखा अंगावर चढला तेव्हां नायकाचा मान आपण हिरावला या भीतीनें तो रडूं लागला. दुसऱ्या दिवशीं तो अंगरखा कोप्पीकडे गेला आणि कार्रेआस हायसें वाटलें. एकट्यानें चौदा मिनिटें मिळविणारासहि पुढें अशा माणसाची गरज लागली. मग तुमच्याआमच्यासारख्यांची काय कथा?

आतां आपल्या घरांकडे वळूं. आपल्याकडे नांवारूपास आलेल्या बहुतेक प्रत्येक माणसापुढें कोणीतरी वारा अडवून चाललेलें असतें. थोरल्या भावानें शाळा सुटतांच कारकुनी पत्करलेली असते, म्हणून धाकटा कॉलेजांत जातो. बहिणीचें शिक्षण थांबतें, म्हणून भावाची फी भरली जाते. आई पहाटे उठून घराचा गाडा ओढते, तेव्हां मुलाच्या अभ्यासास शांतता मिळते. आणि पुढें सत्काराच्या दिवशीं हाच धाकटा ‘मीं स्वतःच्या पायांवर’ म्हणून भाषणास सुरुवात करतो, तेव्हां मागच्या खुर्चीवर बसलेला थोरला टाळ्या वाजवितो. त्याला राग येत नाहीं, म्हणून धाकट्याचें ऋण फिटत नाहीं. पुढें चालणारालाहि मागच्यामुळें किंचित् लाभ होतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. परंतु तो शेंकडा दोन-तीन टक्क्यांचा. थोरल्यासहि भावाच्या कीर्तीचें सुख मिळालेंच कीं, असें म्हणणाऱ्यांनीं हें प्रमाण ध्यानांत ठेवावें. आणि ज्यांस रांगेंत जागाच मिळाली नाहीं, त्यांच्याविषयीं ‘याच्या अंगांत धमक नाहीं’ असा निकाल देण्यापूर्वीं वारा कोणत्या बाजूनें वाहत होता, हेंहि पाहावें.

मग हें ऋण फेडावें कसें? मनुष्य जन्मतःच ऋणी असतो, असें आपल्या पूर्वजांनीं मानलें. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण हीं तीन सर्वांस ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणांत मनुष्यऋण हें चौथेंहि सांगितलें आहे. या ऋणांच्या फेडीची रीत मोठी विचार करण्याजोगी आहे. ऋषींचें ऋण अध्ययनानें फिटतें, पितरांचें संततीनें, आणि मनुष्यांचें ऋण फेडावयाचें तें माणसांस आसरा व अन्न देऊन. ज्याच्याकडून घेतलें त्यालाच परत करणें बहुधा शक्य नसतें, म्हणून तें पुढच्यास द्यावयाचें. जुना स्वार नवशिक्यास आपल्या मागें घेऊन रांगेंतली जागा राखावयास शिकवितो, तेव्हां तो हेंच करीत असतो. त्यालाहि कोणीतरी एके काळीं असेंच मागें घेतलेलें असतें.

तथापि या सोयीच्या तत्त्वाची एक पळवाटहि आहे, तिच्यापासून सावध असावें. पुढच्यास देईन म्हणून जो मागच्यास विसरतो, तो ऋण फेडीत नाहीं, बुडवितो. थोरला भाऊ हयात असतां त्याच्या नांवानें परक्या मुलास शिष्यवृत्ति देऊन भागत नाहीं; त्याच्या घरीं जावें लागतें. देणारा समोर आहे तोंवर पहिला हक्क त्याचा. आणि दुसऱ्याकडून त्याग घेण्याची वेळ आली, तर तो हक्कानें मागूं नये. मागून घेतलेला आडोसा गरजेचा असेल; परंतु ज्यानें दिला त्याचा चेहरा पाहण्याचें धैर्य घेणाऱ्यांत असलें पाहिजे.

हंगामाच्या पहिल्या शर्यतींचे निकाल येऊं लागतात तेव्हां तरुण स्वाराचे आई-वडील कागदावर वरून खालीं बोट फिरवीत आपल्या मुलाचें नांव शोधतात, आणि तें नव्वदाव्या ओळीस सांपडलें तर खिन्न होतात. त्यांनीं मुलास कितवा आलास हें अवश्य विचारावें; शर्यत शर्यतच असते. परंतु त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारावा: आज तूं कोणासाठीं वारा अडविलास, आणि तुझ्यासाठीं कोणीं अडविला? या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या मुलास नांवानिशीं देतां येतें, तो पुढें जिंकला तरी बिघडणार नाहीं, आणि हरला तरी वाया जाणार नाहीं.