बऱ्या झालेल्या पायावर पहिला हक्क कोणाचा?

2023 च्या ऑगस्टमध्ये अंगणातल्या शेवाळावरून घसरून माझा उजवा घोटा मोडला. यात सांगण्यासारखे फारसे काही नाही. पावसाळ्यात आमच्या आंधळगावात दर गल्लीत कुणाचे ना कुणाचे हाड मोडतेच. सहा आठवडे प्लास्टर, मग वॉकर, मग काठी. सांगायचे आहे ते त्यानंतरचे. पाय एकदम परत मिळत नाही, हप्त्याहप्त्याने मिळतो. आज अंगणापर्यंत, चार दिवसांनी चिंचेपर्यंत, पंधरा दिवसांनी बोडीच्या पाळीपर्यंत. अशा वेळी एक प्रश्न पडतो आणि तो दुखण्यापेक्षा जास्त छळतो. दिवसाला चारशे पावलांचीच ताकद असेल तर ती खर्च कुठे करायची? त्या चारशे पावलांवर पहिला हक्क शाळेचा, स्वयंपाकघराचा, नमाजचा, की माझा?

नमाजचा प्रश्न सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सोपा सुटला, कारण तो चौदाशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलेला आहे. प्लास्टरवर ओला हात फिरवला की वुजू होतो. हजरत इम्रान बिन हुसैन यांना आजार होता तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले होते, की उभे राहून नमाज पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर पडून. रमजानचे रोजे आजारात राहिले तर दुसऱ्या दिवसांत पुरे करण्याची मुभा खुद्द कुरआनातच आहे, आणि तिचे कारणही तिथेच दिले आहे, की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको. लहानपणापासून हे सगळे आपण मसले म्हणून पाठ केलेले असते. खुर्चीवर बसून, मान जराशी जास्त झुकवून सजदा करताना मला त्यातली एक गोष्ट पहिल्यांदा कळली. मी मास्तरीण आहे, मला गुण कापायची सवय आहे. अर्धे उत्तर, अर्धे गुण. पण इथे इशाऱ्याने केलेला सजदा अर्धा सजदा मानला जात नाही. तो पूर्ण सजदा आहे. जेवढे जमते तेवढे, आणि जेवढे जमले तेवढ्याची पूर्ण किंमत.

शाळेच्या बाबतीत असा हिशेब कुणी घालून दिलेला नाही, घराच्या बाबतीत तर नाहीच.

ऑक्टोबरच्या अखेरीस मी संध्याकाळी काठी घेऊन बोडीपर्यंत जाऊ लागले. धान पिवळे पडू लागले होते, काही बांध्यांत कापणीला सुरुवात झाली होती. दोन महिने छताचे वासे मोजल्यानंतर धुऱ्यावर उभे राहून ओल्या पेंढीचा वास घेणे म्हणजे काय, ते ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. अशाच एका संध्याकाळी माझ्या वर्गातल्या मुलीचे वडील सायकलवरून उतरले. सलाम झाला, तब्येतीची विचारपूस झाली. मग ते म्हणाले, "बाजी, फिरायला जमते, मग शाळेत कधी येता?"

त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याच्या मुलीचे गणित बुडत होते. उत्तर माझ्यापाशी तयारही होते. शाळा बसच्या अंतरावर आहे, बसची पायरी उंच, वर्ग वरच्या मजल्यावर, दिवसभर उभे राहायचे. इथे दहा मिनिटे चालते आणि दगडावर बसते. हे सगळे खरेच होते आणि मी ते सांगितलेही. तरी घरी येताना माझा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. कारण खरे उत्तर एवढेच नव्हते. मी नुसती चालत नव्हते, मी खूश होते. रजेवर असलेल्या माणसाने चालावे हे लोकांना पटते. रजेवर असलेल्या माणसाने आनंदात असावे हे पटत नाही, आणि गंमत अशी की मलाही ते पटले नव्हते.

एक हदीस मला ठाऊक होती. माणूस आजारी पडला किंवा प्रवासात असला तर निरोगी असताना, घरी असताना तो जी नेकी करत असे ती त्याच्या नावे लिहिली जाते. मोठा दिलासा आहे हा. पण माझ्या नावे काहीही लिहिले जात असले तरी त्या मुलीच्या वहीत भागाकार लिहिला जात नव्हता. दिलासा आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धार्मिक माणसे (मी त्यांतलीच) कित्येकदा पहिलीने दुसरीचे काम भागवतात.

मी फिरायला जाणे बंद केले. बारा दिवस. घोटा पुन्हा आखडला, सकाळी पाऊल टेकवेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी चांगलेच फैलावर घेतले. त्यांनी सांगितले ते मी नंतर वाचूनही पाहिले. मोडलेल्या जागी आधी मऊ सांधा धरतो, मग तो कठीण होतो, आणि त्यानंतर कित्येक महिने हाड स्वतःला नव्याने घडवत राहते. कुठे घट्ट व्हायचे आणि कुठे विरळ, हे हाड त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरवते. जर्मनीतल्या युलियस वोल्फ नावाच्या शल्यचिकित्सकाने 1892 मध्ये हे मांडले. म्हणजे भार टाळला तर हाड वाचत नाही, दुबळे होते. एकदम टाकला तर मोडते. शेजारचे कोष्टी काका वोल्फ न वाचताच हे सांगून गेले होते. आमचे गाव कोशाच्या कापडाचे. काकांचा खड्डामाग आजारपणात दोन महिने बंद होता. "बंद मागाले एकदम जोर देल्ला तं ताणा तुटते, बाई. पहिल्या दिवशी नुसता धोटा फिरवाचा."

मग मला एक परवाना सापडला. चालणे हे औषध आहे! आता कुणीही विचारो, माझ्याकडे उत्तर होते. मी पुन्हा बोडीवर जाऊ लागले आणि भेटेल त्याला हाडांचे शास्त्र ऐकवू लागले. पण परवाना हातात आला की माणूस तो नको तिथेही दाखवू लागतो. माझे तेच झाले.

मला खुशखतीचा नाद आहे. लग्नाआधी अब्बूंकडून शिकले. तख्तीला मुलतानी माती फासायची, बोरू तिरका कापायचा आणि त्या बोरूच्या टोकाने पडणाऱ्या नुक्त्याने प्रत्येक अक्षर मोजायचे. नस्तालीकमध्ये अलिफची उंची तीन नुक्ते. दौतीत शाई सांडू नये आणि बोरूला बेताची लागावी म्हणून कच्च्या रेशमाचा बोळा ठेवतात, त्याला सूफ म्हणतात. आमच्या गावात त्याची काय कमी? कोसा उकलताना निघालेला गुंता काकांच्या घरून मूठभर आणला की वर्ष निघते. नोकरी, संसार, मुले, जनगणना, निवडणुकीची कामे यांत दहा वर्षे दौत कोरडी पडली होती. ती या आजारपणात ओली झाली. पहिल्या दिवशी फक्त नुक्ते. आठवडाभर फक्त अलिफ. हात बरा असूनही तो घोट्याइतकाच आखडलेला निघाला.

सासूबाईंनी, म्हणजे अम्मीजींनी, एका दुपारी विचारले, "हे काय चालले आहे?" मी म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितले आहे, मन रमवा म्हणून." डॉक्टरांनी असे काही सांगितलेले नव्हते. घोट्याच्या डॉक्टरला माझ्या मनाशी काय घेणे? मी सरळ खोटे बोलले, आणि तेही अलिफ सरळ यावा म्हणून मान मोडून बसलेली असताना.

या खोट्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. मला खोटे का बोलावे लागले? कारण "मला आवडते म्हणून" हे उत्तर आमच्या घरात, आणि माझ्या मते बहुतेक घरांत, बाईच्या तोंडी चालत नाही. औषध म्हणून चालते. सवाब म्हणून चालते. मुलांना शिकवायला उपयोगी म्हणूनही चालते. पुरुषालाही हे पुरते चालते असे नाही, पण तो निदान चौकात जाऊन बसतो तेव्हा त्याला कुणी कारण विचारत नाही.

कारण देण्याची ही सवय वरवर निरुपद्रवी वाटते. तिचा दोष कुठे आहे ते मला मुरलीकांत पेटकरांच्या गोष्टीने दाखवले. 2024 मध्ये त्यांच्यावर हिंदी चित्रपट आल्यापासून ती सगळ्यांना माहीत झाली आहे. सांगली जिल्ह्यातला हा जवान, फौजेतला मुष्टियोद्धा. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक पाठीच्या कण्यात राहिली आणि कमरेखालचे शरीर गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. शाळेत ही गोष्ट सांगताना आम्ही शिक्षक शेवटी पदकावर येतो आणि मुले टाळ्या वाजवतात. पण पदक मिळाले नसते तर? रुग्णालयाच्या तलावात एक अपंग जवान रोज एक तास पोहला आणि त्यातून काहीच निघाले नाही, पायही परत आले नाहीत, तर तो तास वाया गेला असे आपण म्हणणार का? पोहण्याला पदकाने किंमत आली असे म्हटले, की ज्यांना पदक नाही त्यांचे पोहणे बिनकिमतीचे ठरते. तसेच, चालण्याला औषध म्हणून किंमत आहे असे म्हटले, की ज्याचा पाय कधीच बरा होणार नाही त्याने धुऱ्यावर जायचे काही कारण उरत नाही. माझी सोय बघून मी जो परवाना काढला होता तो माझ्यापेक्षा दुबळ्या माणसाच्या मुळावर येणारा होता.

बगदादचा इब्ने मुकला आठवतो. तीन अब्बासी खलिफांचा वजीर, अरबी अक्षराला नुक्त्याचे माप लावणारा खुशनवीस. दरबाराच्या राजकारणात त्याचा उजवा हात तोडण्यात आला. सांगतात, की त्याने उरलेल्या थोट्याला कलम बांधली आणि लिहिले. 940 मध्ये तो कैदेतच मेला. त्या कैदेतल्या अक्षरांचा उपयोग काय होता? कुणाला होता?

आपल्या परंपरेत याला एक शब्द आहे आणि तो शब्द औषध नाही, हक्क आहे. हजरत अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले होते की घरच्यांकडे बघेनात. त्यांचे मानलेले भाऊ हजरत सलमान फारसी त्यांच्याकडे मुक्कामाला आले. त्यांनी त्यांना जेवायला लावले, रात्री झोपायला लावले आणि सांगितले, की तुमच्या रबचा तुमच्यावर हक्क आहे, तुमच्या स्वतःचाही आहे आणि घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला द्या. प्रेषितांकडे (स.) तक्रार गेली तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे सांगितले. वाझमध्ये हा किस्सा आपण ऐकतो तो बायकोच्या हक्कासाठी किंवा अतिरेक टाळण्यासाठी. मधला हक्क, स्वतःचा, घाईत निघून जातो. त्यात शरीर बरे झाल्यावर कामाला लागेल म्हणून त्याला झोपू द्या, असे म्हटलेले नाही. हक्क आहे, एवढेच म्हटले आहे.

इथे लेख संपवता आला असता तर बरे झाले असते, कारण इथपर्यंत मी जिंकत आले आहे. पण त्याच वाक्यात घरच्यांचाही हक्क आहे.

माझा पाय मोडला तेव्हापासून चुलीपुढे अम्मीजी उभ्या होत्या. वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे गेलेले. मी बोडीवर जात होते तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. मी अलिफ मोजत होते तेव्हा त्या भांडी घासत होत्या. माझी चारशे पावले मी धुऱ्यावर खर्च केली नसती तर त्यांतली दोनशे ओट्यापुढे उभे राहायला पुरली असती. शाळेच्या बाबतीत मी स्वतःला क्षमा करू शकते. तिथे जायची ताकद खरोखरच नव्हती आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हजर झाले. त्या मुलीचे भागाकार मधल्या सुट्टीत बसून पुरे करून घेतले. स्वयंपाकघराच्या बाबतीत ताकद होती, थोडी होती, आणि ती मी दुसरीकडे नेली. माझ्या हक्काची किंमत दुसऱ्याच्या गुडघ्यांनी चुकती होत होती. सलमान फारसींनी तिन्ही हक्क सांगितले. तिन्ही एकाच वेळी दाराशी आले तर आधी कोणाला पाट द्यायचा, ते सांगितलेले नाही. निदान मला तरी सापडले नाही.

घरात पुरुष आहेत, भाकरी त्यांना का थापता येऊ नये, असे वाचणाऱ्या काही भगिनींच्या मनात आले असेल. माझ्याही मनात आले होते. मी ते बोलले तेव्हा सगळ्यांत आधी विरोध अम्मीजींनीच केला. तरी त्या काळात माझे शौहर कणीक मळायला शिकले आणि अजून मळतात, हे नोंदवून ठेवते.

खोटे मात्र मी एका रात्री कबूल केले. म्हटले, "डॉक्टर काही बोलले नव्हते, मला लिहावेसे वाटत होते." त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. म्हणाल्या, "मला माहीत होते. डॉक्टर असे कुठे सांगतात?" थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तुझ्याएवढी होते तेव्हा मेंदी फार छान काढायची. कुणी पैसे देत नव्हते, तरी शेजारच्या गल्लीतल्या मुली यायच्या." कधी बंद केली ते त्यांना आठवत नव्हते.

आता रविवारची संध्याकाळ त्यांची असते. भाकरी मी थापते आणि त्यांनी बाहेर जायचे असे ठरले आहे. त्या चिंचेपर्यंत जातात, बोडीपर्यंत अजून गेलेल्या नाहीत. चिंचेखाली दगडावर बसतात. पहिल्या रविवारी खिडकीतून पाहिले तर सोबत सूप आणि शेरभर तांदूळ नेले होते, बसल्या बसल्या खडे वेचत होत्या. गेल्या रविवारी सूप नेले होते, पण मांडीवर पालथे होते.